लहान विमान चालवायला शिकायचंय? मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, लातूर, नांदेड इकडून येणारे फोन बहुतेक दोन प्रकारचे असतात. एक बारावीतल्या पोराचा किंवा पोरीचा, दुसरा त्यांच्या वडिलांचा. पोरं विचारतात, "उडताना कसं वाटतं?" वडील विचारतात, "किती लागतील?" दोघांचेही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं वाचूनही फीसाठी जमिनीचा सौदा करायची घाई झालीच, तर निदान मेडिकलचा प्रश्न दोनदा वाचा.

पहिल्याच दिवशी विमान माझ्या हातात देतात का?

देतात, तेही डाव्या सीटवर बसवून. डावी सीट वैमानिकाची. प्रशिक्षक उजवीकडे बसतो आणि त्याच्यासमोरही तसंच योक, म्हणजे विमानाचं हातातलं स्टिअरिंग, आणि तशीच पायाची पेडल्स असतात. तुमचं काही चुकलं तर तो क्षणात विमान ताब्यात घेतो. त्यासाठी ठरलेले शब्द आहेत. तो म्हणतो, "आय हॅव कंट्रोल्स", तुम्ही हात सोडून म्हणायचं, "यू हॅव कंट्रोल्स". कोण चालवतंय याबद्दल एक सेकंदही संभ्रम नको म्हणून हे मोठ्याने बोलायचं असतं.

पहिल्या धड्यात नेमकं काय होतं? घड्याळाप्रमाणे सांगा.

निम्मा वेळ जमिनीवरच जातो, आणि तो वाया गेला असं ज्याला वाटतं त्याला प्रशिक्षक लगेच ओळखतो.

आधी विमानाभोवती फेरी. सेस्ना १५२ किंवा १७२ हे शिकायचं लहान विमान असेल तर पंखांखालच्या छोट्या झडपेतून पारदर्शक नळीत थोडं पेट्रोल काढून बघायचं. या विमानांचं पेट्रोल वेगळं असतं, त्याला अॅव्हगॅस म्हणतात, आणि १०० एलएल हा त्याचा नेहमीचा प्रकार फिकट निळा दिसतो. नळीच्या तळाशी पाण्याचा थेंब दिसतोय का ते बघायचं. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने बाष्प धरतं, पाणी जड म्हणून खाली बसतं, आणि तेच आधी इंजिनाकडे जातं. मग ऑइलची पट्टी, टायर, ब्रेक, पंखांच्या मागच्या कडेची हलणारी पाती, वेग मोजणाऱ्या पिटो नळीवरचं कव्हर काढलंय का. इंजिनाच्या झाकणाआड चिमण्या-मैना काड्या आणून ठेवतात, तेही डोकावून बघायचं. दोन दिवस उभ्या असलेल्या विमानात अर्धं घरटं तयार असतं.

मग आत. पट्टे, हेडसेट, चेकलिस्ट. "क्लिअर प्रॉप!" (पुढच्या पंख्यापासून लांब व्हा) असं बाहेर ओरडून इंजिन सुरू. धावपट्टीपर्यंत जाताना पहिली गंमत होते. सगळे जण योक गाडीच्या स्टिअरिंगसारखं फिरवतात आणि विमान वळतच नाही, कारण जमिनीवर ते पायांनी वळतं. डावं पेडल दाबलं की डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे, आणि पेडलच्या वरच्या टोकाला ब्रेक. ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरांना हे लवकर जमतं. त्यांना डाव्या-उजव्या चाकाचा ब्रेक वेगळा दाबायची सवय असते.

धावपट्टीच्या तोंडाशी थांबून रनअप, म्हणजे इंजिनाची शेवटची तपासणी करायची. इंजिनाला ठिणगीसाठी वीज देणारे दोन मॅग्नेटो असतात, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. एकेक मॅग्नेटो बंद करून फेरे किती उतरतात ते बघतात. थोडे उतरले पाहिजेत. अजिबात उतरले नाहीत तर तेही वाईटच, कारण मग स्विच दाबूनही तो मॅग्नेटो बंद झालेला नसण्याची शक्यता असते.

एटीसीची, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याची परवानगी मिळाली की पूर्ण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला पूर्ण जोर. विमान डावीकडे ओढ घेतं, म्हणून उजवा पाय थोडा पुढे. सेस्ना १७२ साधारण ५५ नॉट्सला, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास, नाक उचलायला तयार होतं. पुढे वर चढताना सत्तर-पंचाहत्तर नॉट्स धरायचे. बऱ्यापैकी उंची आली की प्रशिक्षक योक तुमच्या हातात देतो.

इथे नव्वद टक्के लोक मूठ आवळतात. योक दोन बोटांत धरायचं असतं, चालत्या बैलाचा कासरा धरतात तसं. जोर लावायचा नाही, नुसती जाणीव द्यायची. दुसरी सवय मोडावी लागते ती काट्यांकडे टक लावून बघायची. नजर बाहेर ठेवायची, नाक आणि क्षितिज यांत किती अंतर आहे ते लक्षात ठेवायचं. ते अंतर कायम राहिलं की उंची आपोआप टिकते. नंतर ट्रिमचं चाक फिरवून हातावरचा भार काढायचा आणि हात सोडून बघायचं. विमान सरळ जात राहतं. लहान विमान मुळातच स्थिर असतं, तुम्हीच त्याला त्रास देत असता, हे त्या क्षणी कळतं.

त्यानंतर डावीकडे-उजवीकडे वळणं. वळताना नाक खाली पडू पाहतं, म्हणून हलकंसं मागे ओढायचं. थोडं चढणं, थोडं उतरणं. उतरवतो मात्र प्रशिक्षक. सगळं मिळून हवेत पाऊण-एक तास.

परवाना नसताना पहिला धडा घेता येतो?

विमान शिकवणाऱ्या शाळेत रीतसर विद्यार्थी म्हणून उडायचं आणि ते तास वहीत धरायचे, तर आधी स्टुडंट पायलट लायसन्स, म्हणजे एसपीएल लागतं. वय १६ पूर्ण, दहावी पास आणि मेडिकल. नियम, हवामान, दिशादर्शन आणि विमान-इंजिनाची ओळख यांवर शाळेतच तोंडी परीक्षा होते. घाबरण्यासारखी नसते.

नुसता अंदाज घ्यायचा असेल तर पुण्यात हडपसरला डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग केंद्र आहे. तिथे विंचवर गुंडाळल्या जाणाऱ्या दोराने ग्लायडर वर खेचतात. जाण्याआधी उड्डाणं चालू आहेत का ते विचारून घ्या. कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेत जागा मिळाली तर मायक्रोलाइट विमानातही बसायला मिळतं. हे दोन्ही मार्ग स्वस्त आहेत आणि इकडच्या पोरांना फारसे ठाऊक नाहीत.

मेडिकल आधी करायची की प्रवेश घेतल्यावर?

आधी. दहा वेळा विचारलंत तरी आधी.

एसपीएल आणि खाजगी परवान्याला क्लास २ पुरते. ती डीजीसीएच्या यादीवरचे डॉक्टर करतात. व्यावसायिक वैमानिक व्हायचं तर क्लास १ लागते आणि ती बरीच कडक असते: डोळे, कान, हृदय, रक्तदाब, साखर, वजन, जुन्या शस्त्रक्रिया, सगळं. चष्मा असल्याने कोणी बाद होत नाही, काचेसकट नीट दिसलं की झालं. लेसरने नंबर घालवला असेल तर शस्त्रक्रियेचे सगळे कागद सोबत न्या. खरी अडचण रंगांधळेपणाची. ठिपक्यांमधला आकडा ओळखायची चाचणी गावातला नेत्रतज्ज्ञसुद्धा दहा मिनिटांत करून देतो. कित्येक पोरांना आपल्याला लाल-हिरव्यात फरक कळत नाही हे अठराव्या वर्षापर्यंत माहीतच नसतं.

सल्ला देणारे एजंट म्हणतात, "अॅडमिशन घ्या, मेडिकल नंतर मॅनेज होतं." मेडिकल मॅनेज होत नाही. असं म्हणणाऱ्याचा नंबर डिलीट करा.

पीपीएल आणि सीपीएल यांत फरक काय?

पीपीएल म्हणजे खाजगी परवाना. किमान वय १७, दहावी पास, ४० तास उड्डाण. त्यावर स्वतः उडता येतं, सोबत माणसं नेता येतात, पण पैसे घेता येत नाहीत. सीपीएल म्हणजे व्यावसायिक परवाना, पोटापाण्यासाठी. किमान वय १८, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, आणि २०० तास. त्यांतले १०० तास तुम्ही विमानाचे कमांडर म्हणून उडलेले असावे लागतात. शिवाय ३०० नॉटिकल मैलांचा (एक नॉटिकल मैल म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर) एक लांबचा फेरा, रात्रीची उड्डाणं, नुसत्या उपकरणांवर उडायचा सराव. एअरलाइनमध्ये कॅप्टन व्हायला लागणारा एटीपीएल याच्याही पुढचा: वय २१ आणि १,५०० तास.

कला-वाणिज्यवाले विचारतात, आता काय करायचं? एनआयओएस या मुक्त विद्यालयातून भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय देऊन पुष्कळांनी वाट काढली आहे.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. जमेल का?

हा प्रश्न विचारताना आवाज जरा खाली येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

रेडिओवरचं बोलणं इंग्रजीत असतं, पण ते कॉन्व्हेंटचं इंग्रजी नसतं. ठरलेले शब्द, ठरलेला क्रम. मी कोण, कुठे आहे, किती उंचीवर, काय हवंय. विमानाचं नाव अक्षरं सुटी करून सांगायचं. भारतीय विमान व्हीटीने सुरू होतं, म्हणून "व्हिक्टर टँगो" आणि पुढची तीन अक्षरं. नऊला "नायनर" म्हणतात, म्हणजे घरघरीत पाचशी गल्लत होत नाही. एटीसीने दिलेली उंची, दिशा, धावपट्टी तशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. शे-दीडशे वाक्यांचा हा साचा पाठ झाला की कन्नड तालुक्यातला पोरगा आणि मुंबईचा पोरगा रेडिओवर सारखेच ऐकू येतात. परवान्यासाठी इंग्रजी बोलण्याची वेगळी चाचणी असते, तिच्यात चौथी पातळी गाठावी लागते. अडखळत का होईना, पण अडचण सांगता आली पाहिजे, एवढी तिची अपेक्षा.

पुस्तकं मात्र इंग्रजीत आहेत आणि जाड आहेत. हवामानशास्त्र, दिशादर्शन, नियम, विमानाची तांत्रिक माहिती असे पेपर, आणि पास व्हायला ७० टक्के. नापास होणारे भाषेमुळे कमी आणि घोकंपट्टीमुळे जास्त होतात.

गणित आठवी-नववीचंच, पण झटपट. एक नमुना घ्या. चिकलठाण्याहून, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावरून, नांदेड हवाई मार्गाने साधारण ११५ नॉटिकल मैल, म्हणजे सेस्ना १७२ ने वारा नसताना तासाभराहून थोडं जास्त. ६० मैल गेल्यावर १ मैल बाजूला असाल तर तुमची दिशा एका अंशाने चुकली. हा साठास एकचा नियम वैमानिक डोक्यात ठेवतो. परभणीजवळ पोचल्यावर खाली रेल्वेचा रूळ हवा तिथे नसेल, तर किती अंश वळायचं ते कागदाशिवाय सांगता आलं पाहिजे.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात उडतात तरी का?

उडतात, पण पहाटे. मराठवाड्याची हवा शिकण्यासाठी एकंदरीत चांगली: समुद्र लांब, धुकं कमी, हिवाळाभर आकाश मोकळं. एप्रिल-मेची दुपार मात्र वेगळी. तापलेल्या काळ्या रानावरून हवेचे लोट उठतात आणि लहान विमान खालीवर हेलकावतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दिसत नाही. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंचावर आहे, त्यामुळे विमान जमिनीवर उभं असतानाच उंचीचा काटा १,९०० दाखवतो (नवीन पोरं काटा बिघडलाय म्हणून सांगायला येतात). त्यात पारा ४२ वर गेला की हवा पातळ होते आणि इंजिन, पंख, पंखा सगळ्यांना ती जणू साडेपाच हजार फुटांवरची वाटते. धाव लांबते, चढण मंदावते. चार सीटच्या विमानात चार जाडजूड माणसं आणि भरलेल्या टाक्या हे गणित मे महिन्यात बसत नाही. कागदावर वजन मांडूनच निघायचं.

मृगाच्या आधीचे वादळी ढग दिसले की विषय बंद. गारांच्या ढगाजवळ जायची हिंमत मोठी विमानंही करत नाहीत.

इंजिन बंद पडलं तर खाली कोसळतं?

नाही, तरंगत उतरतं. सेस्ना १७२ दर हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल जातं. जमिनीपासून तीन हजार फुटांवर असाल तर आठेक किलोमीटरच्या टप्प्यातलं कुठलंही रान तुमचं. नाक खाली करून वेग ६८ नॉट्सच्या आसपास धरायचा, वाऱ्याची दिशा बघायची, जागा निवडायची, मग इंजिन परत चालू होतंय का ते बघायचं. हा सराव एकट्याने उडण्याआधी अनेकदा करून घेतात. प्रशिक्षक न सांगता थ्रॉटल मागे ओढतो आणि विचारतो, "आता कुठे?"

शेतकऱ्याच्या पोराला इथे फायदा आहे. वरून सगळं हिरवं सारखंच दिसतं, पण उभा ऊस आणि काढणी झालेलं सोयाबीन यांतला फरक त्याला रंगावरून कळतो. उसात उतरायचं नाही. पावसाळ्यातल्या काळ्या चिखलात चाक रुतून विमान पालथं होतं, म्हणून त्या दिवसांत माळरान बरं. बांधाला आडवं नाही, सरीच्या दिशेने उतरायचं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून खांबांची रांग शोधायची.

"स्टॉल" या शब्दानेही गोंधळ होतो. त्यात इंजिन बंद पडत नाही. नाक फार वर गेल्याने पंखावरची हवा विस्कटते आणि उचल जाते. उपाय म्हणजे नाक खाली करणं. मनाविरुद्ध वाटतं, म्हणूनच पुन्हा पुन्हा करून घेतात.

एकट्याने कधी उडवू देतात?

कोणाला पंधरा-वीस तासांनी, कोणाला तिसाच्या पुढे. यात शर्यत लावू नका. प्रशिक्षक एक दिवस धावपट्टीशेजारी उतरतो, दार लावतो आणि एक सर्किट मारून ये म्हणतो. जमिनीपासून हजार फुटांवर धावपट्टीभोवती एक आयताकृती फेरी. एक माणूस कमी झाल्याने विमान नेहमीपेक्षा भराभर चढतं, त्याचंच पहिल्यांदा आश्चर्य वाटतं. खाली आल्यावर मित्र अंगावर बादलीभर पाणी ओततात आणि पेढे तुमच्या खिशातून जातात.

मराठवाड्यातच राहून शिकता येईल का?

चिकलठाणा, नांदेड, लातूर, धाराशिव इथे धावपट्ट्या आहेत, पण नुसत्या पट्टीने शाळा होत नाही. विमानं, दुरुस्तीची सोय, प्रशिक्षक आणि डीजीसीएची मंजुरी, चारही लागतात. मंजूर संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. जाहिरातीपेक्षा ती बघा. आपली पोरं बहुधा बारामती, धुळे, शिरपूर, जळगाव, नागपूर, गोंदियाला जातात. लातूर-धाराशिवकडच्यांना कलबुर्गी जवळ, नांदेडकरांना हैदराबाद.

लहान विमान म्हटलं की इकडे लोकांना २०१५ च्या दुष्काळात चिकलठाण्यावरून उडणारं कृत्रिम पावसाचं विमान आठवतं. ते किंग एअर, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं. तुम्ही शिकाल ते याहून बरंच लहान.

खर्च किती? दोन एकर विकावी लागेल का?

उड्डाणाचा तास साधारण १२ ते २० हजारांच्या घरात पडतो, विमान आणि संस्था यांवर. राहणं, परीक्षा, मेडिकल धरून भारतातलं सीपीएल पन्नास लाखांच्या आसपास जातं, कधी वर. त्यानंतर एअरबससारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान चालवायचा वेगळा दाखला, त्याचे काही लाख वेगळे. आणि सीपीएल हातात पडलं की नोकरी पक्की, असं कोणी सांगत असेल तर तो खोटं बोलतोय. परवाना घेऊन वर्ष-दोन वर्षं थांबलेली पोरं आहेत.

जमिनीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. क्लास १ मेडिकल हातात, निदान दोन पेपर पास आणि एक तास हवेत, या तीन गोष्टींआधी सातबाऱ्याला हात लावू नका. तिन्ही मिळून जो खर्च होतो तो एकरापुढे किरकोळ आहे. पोराला उलट्यांनी उडताच येत नाही किंवा आवडच नाही, हे तेवढ्यात कळतं.

शिष्यवृत्त्या आहेत. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमातींच्या विद्यार्थ्यांना राज्य सरकारच्या महाज्योती या संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये प्रशिक्षण दिलं आहे. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत सीपीएल बसतं. जागा थोड्या असतात, जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं.

शाळा निवडताना काय बघू?

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि सकाळी सात वाजता तिथे जाऊन उभे राहा. किती विमानं दिसतात त्यापेक्षा किती उडतात ते मोजा. हँगरमध्ये पंखा काढून ठेवलेली विमानंसुद्धा जाहिरातीत धरलेली असतात. मग कँटीनमध्ये चहा घेत विद्यार्थ्यांना विचारा: गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले? दोनशे तासांना दीड वर्ष सांगतात आणि तीन लागतात, ते बहुतेक विमानं किंवा प्रशिक्षक कमी असल्यामुळे. वाढलेल्या प्रत्येक महिन्याचं भाडं आणि मेस तुम्ही भरता.

एकरकमी फी भरू नका. उडलेल्या तासांप्रमाणे हप्ते, आणि सोडून गेल्यास उरलेल्या तासांचे पैसे परत, हे लेखी घ्या. "आमच्याकडे असंच असतं" म्हणणाऱ्यांना नमस्कार करून निघा. २०२५ पासून डीजीसीएने प्रशिक्षण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, ती यादीही बघून घ्या.

मुलींना अडचण येते का?

विमानाला येत नाही, घराला येते. भारतात वैमानिकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या मानाने बरंच जास्त. आणि ही वाट नवी नाही. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता त्याच काळात, १९४७ मध्ये, प्रेम माथूर यांना व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला आणि नोकरी दिली ती हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने.

मला बसमध्येही उलटी होते. काय करू?

पहाटेचं उड्डाण मागा, रिकाम्या पोटी जाऊ नका आणि तेलकटही खाऊ नका, नजर बाहेर ठेवा. योक स्वतःच्या हातात असलं की त्रास कमी होतो. बहुतेकांचा चार-पाच उड्डाणांत जातो. गोळी प्रशिक्षकाला न विचारता घेऊ नका, तिने झोप येते.

ड्रोनचा परवाना काढला तर त्याचे तास इथे धरतात का?

नाही. तो रिमोट पायलटचा दाखला वेगळा, हा वेगळा.

एअर फोर्समध्ये जायचं असेल तर हेच करायचं?

नाही. तिथे एनडीए, सीडीएस, एएफकॅट या प्रवेश परीक्षांच्या वाटा, आणि शिकवतं सरकार, फुकट. बारावीच्या आतल्या पोरांसाठी छत्रपती संभाजीनगरातच १९७७ पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, म्हणजे एसपीआय आहे. तिची प्रवेश परीक्षा दहावीतच द्यायची असते, म्हणून हा निर्णय लवकर घ्या.

वय बेचाळीस, दुकान आहे, नोकरी नको. हौसेसाठी शिकू का?

जरूर. मेडिकल पास होत राहिली तर पीपीएलला वय आडवं येत नाही. चाळीस तास कागदावर, प्रत्यक्षात पन्नास-साठ धरून चाला. महिन्यातून एकदा उडाल तर मागचं विसरून पुन्हा तिथूनच सुरू करावं लागतं आणि खर्च वाढतो. त्यापेक्षा दिवाळीनंतर दुकान भावाकडे सोपवून सलग तीन-चार आठवडे शाळेजवळ खोली घ्या. चाळिशीनंतर क्लास २ च्या मेडिकलमध्ये ईसीजी आणि साखर बारकाईने बघतात, म्हणून दिवाळीचा फराळ मेडिकल झाल्यावर.